साडेपाच टन न विकलेले कपडे: एका संस्थेच्या दुकानाचं प्रकरण

या प्रकरणातल्या संस्थेचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून जागा आणि काही तपशील बदलले आहेत, आकडे गोळाबेरीज करून दिले आहेत. दर त्या वेळचे आणि त्या भागातले आहेत. ते दुसरीकडे जसेच्या तसे लागू होतील असं समजू नये.

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातली ही नोंदणीकृत विश्वस्त संस्था बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवते. मुलं ३५, वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दोन ताई, एक मदतनीस मावशी, दूध, दोन वेळचं खाणं आणि जागेचं भाडं मिळून महिन्याला १,१०,००० रुपये लागतात. देणग्या दिवाळीच्या आणि मार्चच्या आसपास येतात, पोरं मात्र बाराही महिने जेवतात. ही तूट भरायला संस्थेने जुन्या कपड्यांचं दुकान काढलं.

दुकान साधंच होतं. ४५० चौरस फुटांचा गाळा, भाडं १८,००० रुपये, दोन पगारी बायका, त्यांचे मिळून २२,००० रुपये. सोसायट्यांमधून कपडे गोळा व्हायचे, चांगले हँगरला लागायचे आणि २० ते १०० रुपयांना विकले जायचे. गिऱ्हाईक म्हणजे वस्तीतल्या बायका, कंपन्यांमधली कंत्राटी पोरं, नव्याने शहरात आलेली कुटुंबं. कपडे फुकट वाटण्यापेक्षा स्वस्तात विकायचे, म्हणजे घेणाऱ्याला आवडीनिवडी करता येते, हा विश्वस्तांचा विचार होता आणि तो बरोबरच होता.

महिन्याला सरासरी १,२०० किलो माल यायचा. त्यातला ३०० किलो, म्हणजे साधारण १,२०० नग, विकला जायचा आणि ५४,००० रुपये यायचे. दीडशे किलो पाळणाघरातल्या आणि शिबिरांतल्या कुटुंबांना मोफत जायचा. उरलेला साडेसातशे किलो एक भंगारवाला सरसकट ४ रुपये किलोने उचलायचा, त्याचे ३,००० रुपये. दुकानाचा खर्च वजा जाता महिन्याला १७,००० रुपये पाळणाघराला मिळायचे. फार नाही, पण नियमित.

अडचण

दसऱ्याच्या सुमारास भंगारवाल्याने येणं बंद केलं. त्याच्या पुढचा व्यापारी मिश्र माल घेईना, एवढंच त्याने सांगितलं. दिवाळीची साफसफाई तोंडावर होती आणि त्या दिवसांत आवक दुप्पट होते. संस्थेने घाईने ४०० चौरस फुटांचं गोडाऊन ९,००० रुपये भाड्याने घेतलं. दोन महिन्यांत दुसरा घेणारा मिळेल, असा अंदाज होता.

मे अखेर गोडाऊनमध्ये २२० पोती होती. एक पोतं सरासरी २५ किलोचं, म्हणजे साडेपाच टन. दुकानातून खर्च वजा जाता १४,००० उरत होते, त्यातले ९,००० गोडाऊनला. पाळणाघरासाठी राहायचे ५,००० रुपये. लोक आपले कपडे ज्या मुलांसाठी म्हणून देत होते, त्या मुलांच्या वाट्याला यायला हवा तो पैसा कपड्यांच्या ढिगाचं भाडं भरण्यात जात होता.

एक पोतं उघडून पाहिलं तर आत काय असायचं? वरती टेरीकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाच्या, चार पँटी, गुडघ्याला चकाकलेल्या. शाळेचे गणवेश, खिशावर शाळेचा बिल्ला. एक जाड सुती चादर, मधोमध विरलेली. ब्लाउजांचं गाठोडं. जत्रेत मिळतो तसला ॲक्रिलिकचा स्वेटर. बनियनं. लग्नात एकदाच नेसलेली जड सिंथेटिक साडी, जिला दुकानात वर्षभर कोणी हात लावला नाही. आणि तळाशी कुणीतरी ओलं टाकलेलं टॉवेल, ज्याने शेजारचे पाच कपडे काळे डागाळले. हे सगळं एकाच नावाने ‘जुने कपडे’ म्हणून ओळखलं जातं. बाजारात मात्र या पोत्यात सहा-सात वेगळे माल आहेत, प्रत्येकाचा घेणारा वेगळा, आणि काहींना घेणाराच नाही.

विचारात घेतलेले पर्याय

जूनच्या पहिल्या बैठकीत पाच सूचना आल्या.

सगळा माल मिळेल त्या दराला काढून टाकायचा. नवा भंगारवाला साडेचार रुपये सांगत होता, म्हणजे जेमतेम पंचवीस हजार. गोडाऊन लगेच मोकळं झालं असतं. पण आवक तशीच राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा हीच बैठक.

दुसरी सूचना एका ज्येष्ठ विश्वस्तांची. पोती ट्रकमध्ये घालून दुर्गम गावांत किंवा पूरग्रस्त भागात पाठवायची. हेतू चांगला होता, पण ही सूचना फेटाळली ते योग्यच झालं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते आणि ते आवरणं हेच मदतकार्य होऊन बसलं. दुकानात सहा महिने न विकलेला कपडा पूरग्रस्ताला मात्र आवडेल, असं मानायला काहीच आधार नाही.

तिसरी सूचना पानिपतची. हरियाणातलं पानिपत जुन्या लोकरी आणि ॲक्रिलिक कपड्यांपासून पुन्हा सूत काढणारं देशातलं मोठं केंद्र आहे. तिथे कपडे आधी रंगाप्रमाणे वेगळे करतात, बटणं-चेन काढतात, फाडणाऱ्या यंत्रातून त्यांचा पिंजलेला तंतू करतात, त्याचं सूत काततात आणि त्यातून घोंगड्या-ब्लँकेटं विणतात. रंग आधीच जुळवलेला असल्यामुळे बहुधा पुन्हा रंगवावं लागत नाही. मदतकार्यात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं बरीचशी अशाच सुताची असतात. मात्र पुण्याहून पानिपत सुमारे दीड हजार किलोमीटर. थोड्या मालाला ट्रान्सपोर्टवाल्याने किलोला ८ रुपये सांगितले आणि तिकडच्या व्यापाऱ्याने भरलेला ट्रक मागितला, तोही फक्त स्वेटर आणि गरम कपड्यांचा. संस्थेकडे तसला माल पुरता पाव टनही नव्हता.

चौथी सूचना पुसण्याच्या चिंध्यांची. आसपास मशीनशॉप, गॅरेज, छापखाने भरपूर. तिथे तेल-शाई पुसायला सुती चिंध्या किलोवर विकत घेतात. पाचवी गोधडीची. पाळणाघरातल्या काही मुलांच्या आज्यांना गोधडी शिवता येत होती.

चिंध्यांच्या सूचनेने सगळ्यांना उत्साह आला. एका विश्वस्ताने तिथेच हिशोब मांडला: साडेपाच टन, किलोला ४० रुपये, म्हणजे सव्वादोन लाख. हा हिशोब पुढे बराच महागात पडला, कारण त्यात सगळं पोतं सुती धरलं होतं आणि कापायला लागणारा वेळ शून्य.

पहिला निर्णय: नमुना मोजायचा

संस्थेच्या हिशोबनीस ताईंनी एक गोष्ट लावून धरली. २२० पोत्यांचं काय करायचं ते ठरवण्याआधी त्यातली दहा कुठूनही उचलून पूर्ण निवडायची आणि प्रत्येक भागाचं वजन करायचं. चार बायका, दोन दिवस, रोज सहा तास. २५० किलोतून निघालं ते असं: सुती आणि चिंधीला चालेल असं ७८ किलो, टेरीकॉट आणि इतर सिंथेटिक ६७, गोधडीजोग्या सुती साड्या आणि चादरी ३०, बुरशी लागलेलं, अंतर्वस्त्रं आणि टाकाऊ २३, दुकानात पुन्हा लावता येईल असं २२, जीन्स २०, स्वेटर आणि गरम कपडे १०.

चिंधीजोगा सुती माल एकतृतीयांशही नव्हता. आणि ७८ किलो कपड्यांतून कॉलर, कफ, बटणपट्टी, जाड शिवण, रबरी छपाई काढली की चिंध्या निघत होत्या ५५ किलोच्या आसपास. म्हणजे शंभर किलो मिश्र मालामागे विकण्याजोगी चिंधी २२ किलो. सव्वादोन लाखांच्या स्वप्नातले पाचातले चार हिस्से तिथेच गळाले.

या दोन दिवसांत ताशी वेगही कळला. नवख्या बाईकडून तासाला पाच किलो निवडून होत होतं. महिनाभराच्या सवयीनंतर तो वेग चौदा किलोवर गेला. मजुरी तासाला ६० रुपये ठरली. काही विश्वस्तांचं म्हणणं होतं की हे काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावं. पण धुळीत बसून रोज पाच तास चिंध्या निवडायला स्वयंसेवक आठवडाभर येतो, नंतर येत नाही. शिवाय ज्यांची मुलं पाळणाघरात आहेत त्या बायकांना हे काम हवं होतं.

दुसरा निर्णय: मशीन घ्यायचं

इथे चूक झाली. निवडीचा अंदाज हातात असतानाही संस्थेने गोल पात्याचं, विजेवर चालणारं जुनं कटिंग मशीन २८,००० रुपयांना घेतलं. बोटं वाचवायला पोलादी जाळीचा हातमोजा घेतला, तो खर्च वेगळा. मशीन थरांवर थर ठेवून एकसारखं कापड कापायला चांगलं. इथे मात्र प्रत्येक कपडा वेगळा, त्याला आधी उकलायला लागायचं, आणि मशीन चालवणारी बाई अर्धा वेळ कपडा लावण्यातच घालवायची.

तोडगा कामावरच्या मावशींनीच काढला. एकीने घरून विळी आणली, पाटावर बसून पायाखाली धरली आणि दोन्ही हातांनी कपडा पात्यावर ओढला. शर्टाची पाठ दोन ओढीत मोकळी. चिंध्या निवडण्याच्या धंद्यात उभ्या पात्यावर कापायची ही रीत जुनीच आहे. ती ठाऊक नव्हती ती फक्त विश्वस्तांना. कात्रीने तासाला चार किलो होत होतं, विळीवर सहा-सात. मशीन चार महिन्यांनी झाकून ठेवलं. नंतर ते १९,००० ला विकलं गेलं.

तिसरा निर्णय: पहिला माल पाठवायचा

जुलैच्या सुरुवातीला एका मशीनशॉपला १२० किलो चिंध्या पाठवल्या. चार दिवसांत त्या परत आल्या. तिथल्या स्टोअरवाल्याने दोन तक्रारी केल्या. पहिली, “दादा, यातल्या निम्म्या तेल पितच नाहीत, नुसतं पसरवतात.” दुसरी जास्त गंभीर: पुसताना एका ग्राइंडिंग केलेल्या भागावर ओरखडा उठला होता आणि चिंधीत सापडला ब्लाउजचा हूक.

दोन्ही तक्रारींची कारणं निवडीच्या टेबलावर होती. कापूस हवेतला ओलावा वजनाच्या साधारण आठ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पुसण्याच्या कामातही हा फरक दिसतो. डोळ्यांना मात्र टेरीकॉट आणि सुती शर्ट सारखेच दिसतात, खास करून दहा वेळा धुतल्यावर. म्हणून तीन कसोट्या ठरल्या.

पहिली पाण्याच्या थेंबाची. कापड ताणून धरायचं, वर एक थेंब सोडायचा. जुनं धुतलेलं सुती कापड तो लगेच पिऊन टाकतं. टेरीकॉटवर थेंब मोत्यासारखा बसून राहतो किंवा हळू पसरतो. खळ असलेलं कोरं सुती कापडही थेंब पीत नाही, त्यामुळे नुसत्या या कसोटीवर नवा कपडा बाद करू नये. दुसरी कसोटी जाळण्याची, शंका राहिली तरच. शिवणीतून नव्हे, कापडातून चार धागे ओढायचे (शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचाच असतो आणि निकाल चुकवतो), पत्र्याच्या ताटलीत, पोत्यांपासून लांब, काडीने पेटवायचे. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि राख बोटात मऊ चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, तिचा मणी चिरडला जातो. मिश्र कापडात राखही दिसते आणि कडक खडेही. तिसरी कसोटी मावशींच्या बोटांची. महिन्याभरात त्या पहिल्या दोन कसोट्यांशिवाय दहातले नऊ बरोबर सांगू लागल्या.

हुकांसाठी टेबलाच्या कडेला लोहचुंबक बांधलं. लोखंडी हूक, टाचण्या, सेफ्टीपिना त्याला चिकटल्या. पितळी हूक आणि ॲल्युमिनियमच्या चेन चिकटत नाहीत, हे दुसऱ्या परतीच्या भीतीने वेळीच लक्षात आलं. शेवटी सोपा नियम केला: ब्लाउज, परकराची नाडीपट्टी आणि चेन असलेला कुठलाही भाग चिंधीत जाणार नाही, कितीही सुती असो. वजन थोडं कमी निघतं, पण परत आलेल्या १२० किलोंचं दोन्हीकडचं टेंपोभाडं भरण्यापेक्षा ते परवडतं.

नंतर चिंध्यांच्या दोन प्रती केल्या. पांढरी किंवा फिकी, छापखान्यांसाठी: रंग सुटत नाही म्हणून त्यांना हवी असते, किलोला ६० रुपये. रंगीत, गॅरेज आणि मशीनशॉपसाठी: ३८ रुपये. बनियन आणि टीशर्टचं होजियरी कापड मऊ असल्याने सगळ्यांना आवडतं. आकार हातरुमालापेक्षा थोडा मोठा, दीड वीतभर. लहान तुकडे घेणारे नाकारतात. पांढरा माल कमीच निघतो, त्यामुळे सरासरी दर ४० च्या आसपास बसला. पाच-पाच किलोचे गठ्ठे बांधून काट्यावर तोलायचे आणि वजन पावतीवर लिहायचं, हे सुरुवातीपासून ठेवलं म्हणून वजनावरून वाद झाला नाही.

मध्येच पाऊस

या सगळ्यात जुलै उजाडला होता. गोडाऊनच्या पत्र्याच्या जोडातून पाणी आलं आणि भिंतीलगतची ४० पोती खालून भिजली. ओलं सुती कापड पोत्यात बांधून राहिलं की दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं आणि तो वास धुऊनही जात नाही. एक टन माल टाकून द्यावा लागला, त्याची वाहतूक संस्थेच्याच खर्चाने. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून रचलेली होती. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचली असती, तर निम्मं तरी वाचलं असतं. दसऱ्यापासून जूनपर्यंत आठ महिने ती तिथे होती. निर्णय मार्चमध्ये झाला असता तर हा प्रश्नच आला नसता.

उरलेल्या साडेचार टनांची निवड आणि विक्री दसऱ्यापर्यंत चालली. मजुरी, टेंपो, मशीनमधला तोटा धरून साठ्याचा हिशोब जवळपास बरोबरीत सुटला. फायदा झाला तो गोडाऊन रिकामं होण्याचा.

देणगीदार ताईंचा प्रश्न

सप्टेंबरमध्ये एक देणगीदार ताई कपडे द्यायला आल्या आणि मागच्या अंगणात विळीवर त्यांना ओळखीचा काठ दिसला. त्यांच्या आईचं नऊवारी लुगडं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही गरजूंना देता असं सांगितलं होतं.” आणि तशाच परत गेल्या.

त्यांचं म्हणणं खरं होतं. सोसायट्यांमध्ये लावलेल्या फलकावर ‘तुमचे कपडे गरजूंपर्यंत’ एवढंच लिहिलेलं होतं. विश्वस्तांमध्ये दोन मतं पडली. काहींना वाटलं, खरं सांगितलं तर लोक देणं थांबवतील. शेवटी फलक बदलला: ‘चांगले कपडे आमच्या दुकानात स्वस्तात विकले जातात. न विकलेल्यांच्या चिंध्या आणि गोधड्या होतात. सगळा पैसा पाळणाघराला जातो.’ आठवणीची साडी असेल तर तसं सांगा, तिची गोधडी करू, असंही खाली लिहिलं. आवक या फलकामुळे घटली नाही. उलट गोधडीच्या मागण्या वाढल्या, त्यातल्या काही देणगीदारांच्याच: आईच्या साड्यांची गोधडी, पैसे देऊन.

गोधडीचं गणित असं बसलं. एकीला साधारण चार किलो साड्या आणि चादरी, शिवणाऱ्या आजींना ६०० रुपये, दोरा आणि वरच्या कापडाला ६० रुपये, विक्री १,२०० ला. महिन्याला सहा जायच्या. जास्त करायचा प्रयत्न केला तेव्हा उन्हाळ्यात पडून राहिल्या.

जरीच्या जुन्या साड्या वेगळ्या काढायचं मात्र उशिरा सुचलं. अस्सल जरीत चांदीची तार असते आणि असल्या साड्या वजन करून विकत घेणारे वेगळे व्यापारी असतात. जर खरी की खोटी हे नुसतं पाहून ठरवू नये, जाणकाराला दाखवावं. सुरुवातीच्या पोत्यांतून अशी एखादी साडी कापली गेली असेल का, हे कोणी सांगू शकत नाही. त्याच महिन्यापासून खिसे तपासायचा नियमही कडक केला: त्यांत नोटा, औषधाच्या गोळ्या, एकदा कुणाचं तरी आधारकार्ड मिळालं होतं.

चौथा निर्णय: दारातच नाही म्हणायचं

पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा निर्णय हा होता आणि तो सगळ्यात अवघड गेला. देणगी नाकारणं हे संस्थेच्या स्वभावातच नव्हतं. तरी ऑक्टोबरपासून यादी लावली: ओलं, फाटकं, अंतर्वस्त्रं, उशा-गाद्या, डांबरगोळ्यांचा उग्र वास असलेलं काहीही घेणार नाही. कपडे घेतानाच पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि नको ते तिथेच, नम्रपणे, परत द्यायचं. पहिले दोन आठवडे वाद झाले. नंतर सोसायट्यांनी घरीच निवड करायला सुरुवात केली. महिन्याची आवक १,२०० वरून ८०० किलोवर आली.

दुसरीकडे दुकानात मालाचं वय मोजायला सुरुवात झाली. दर आठवड्याला वेगळ्या रंगाचा दोरा हँगरला बांधायचा. सहा आठवडे झालेल्या रंगाचा सगळा माल शनिवारी खाली उतरतो, कोणाला कितीही आवडला तरी. दुकान त्यामुळे ताजं दिसू लागलं आणि विक्री ३०० वरून ३५० किलोवर गेली.

उतरलेल्या मालातून पहिली निवड आता बोहारणींची. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या या बायकांना आधी विश्वस्त ‘आपल्या दुकानाच्या स्पर्धक’ समजत होते. खरं तर कुठली पँट कुठल्या बाजारात उठेल हे संस्थेतल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त कळतं. त्या महिन्यातून दोनदा येतात, शिवण उलटून पाहतात, चेन ओढून पाहतात आणि शंभरेक नग सरासरी १२ रुपयांनी नेतात. एकदाही दरावरून अर्ध्या तासापेक्षा जास्त घासाघीस झालेली नाही.

कागदोपत्री

विक्रीचे हिशोब संस्थेच्या मुख्य हिशोबापासून वेगळ्या वहीत ठेवले. १९६१ च्या आयकर कायद्यात विश्वस्त संस्थेच्या अशा व्यवसायासाठी स्वतंत्र हिशोबवह्यांची अट होती. त्याच कायद्याच्या ८०जी कलमाखालची देणगीदाराची करसवलत पैशांच्या देणगीला होती, कपड्यांना नव्हती. म्हणून कोणी कितीही आग्रह केला तरी कपड्यांची ८०जी पावती दिली नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे बदलले आहेत, आपल्या सीएला विचारूनच पुढे जावं.

परिणाम

बदलानंतर पाचव्या महिन्याचा हिशोब असा. दुकानात ६२,००० रुपये विक्री, ४०,००० खर्च, शिल्लक २२,०००. न विकलेला माल ३३० किलो. त्यातून चिंध्या ३,३६०, गोधड्या ३,२४० (शिवणावळ आणि सामान वजा करून), बोहारणींकडून १,२००, जीन्स आणि स्वेटर एका स्थानिक व्यापाऱ्याला ५४०, टेरीकॉट भंगारात २१०. एकूण ८,५५०. निवडणं, कापणं, बांधणं मिळून ५० तासांची मजुरी ३,०००, टेंपो आणि किरकोळ ९००. उरले ४,६५०. दुकानासह पाळणाघराला २६,६५० रुपये गेले, म्हणजे त्याच्या खर्चाचा जेमतेम चौथा हिस्सा. मे महिन्यात हाच आकडा ५,००० होता.

वाढलेले २१,६५० रुपये कुठून आले ते नीट पाहण्यासारखं आहे. गोडाऊन सोडल्याचे ९,०००, दुकानाची विक्री सुधारल्याचे ८,०००, आणि ज्याची इतकी चर्चा झाली त्या पुनर्वापराचे ४,६५०. चिंध्या कापून पाळणाघर चालत नाही. चिंध्यांमुळे फार तर ढीग साचत नाही आणि पाच-सहा बायकांना काम मिळतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या दिवसापासून काटा हवा होता. आवक, विक्री आणि उरलेलं, तिन्हींचं वजन लिहिलं असतं तर भंगारवाला थांबण्याआधीच दिसलं असतं की तीनातले जवळपास दोन किलो वाया जात आहेत. गोडाऊन भाड्याने घेण्याऐवजी दिवाळीत तीन आठवडे कपडे घेणं बंद ठेवता आलं असतं. लोक थांबतात, थोडी कुरकुर करून.

चिंधी घेणाऱ्याला आधी भेटून पाच किलोचा नमुना द्यायचा आणि त्याने वापरून होकार दिल्यावरच मोठा माल कापायचा. मशीन तर तीन महिने हाताने काम करून वेग मोजल्याशिवाय घ्यायलाच नको. निवडीच्या जागी सुती मास्क, मोकळी हवा आणि अग्निशामक नळकांडं पहिल्या आठवड्यातच ठेवायला हवं होतं. इथे ते तिसऱ्या महिन्यात आलं.

टेरीकॉटचं मात्र अजून काही जमलेलं नाही. महिन्याला ७० किलो, किलोला ३ रुपये, तेही बाकीच्या भंगारासोबत दिलं तर. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार (१ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले) असलं जळाऊ कापड कचराडेपोत पुरायचं नव्हतं, पण ते जळण म्हणून सिमेंटभट्टीपर्यंत पोचवायचं तर वाहतूक अंगावर. या ढिगात सगळ्यात जास्त शाळेचे गणवेश असतात, आणि ते फाटलेले नसतात, फक्त आखूड झालेले असतात. म्हणून मेमध्ये जवळच्या दोन शाळांच्या दारात टेबल मांडून पाहिलं: लहान झालेला गणवेश द्या, मोठा ५० रुपयांत घ्या. १४० जोड गेले. एका शाळेने त्याच वर्षी पँटीचा रंग बदलला, त्यामुळे तिचे ६० जोड पुन्हा पोत्यात आहेत.